शिसवावरची पांढरी रेघ

उमापूरच्या त्रिंबकचा जगात एकाच माणसावर भरवसा होता, आणि तो माणूस आरशात दिसला की त्यालाही तो एकदा वरपासून खालपर्यंत निरखून घ्यायचा.

तर या त्रिंबकनं दिवाळीआधी पलंग करायचं ठरवलं. लाकूड बायकोच्या माहेरचं. सासऱ्यानं लेकीला दिलेल्या शिसवाच्या चार फळ्या, काळ्याभोर, सहा फुटी. भाऊबीजेला वनमालाचा भाऊ बद्रीनाथ परळीहून येणार आणि बापाचं लाकूड कुठं लागलं ते बघणार. एक फळी जरी इकडची तिकडं झाली, तर वनमाला जन्मभर माहेरच्या लाकडावरून ऐकवणार.

म्हणून अभिमन्यू सुताराला त्यानं अंगणातच बसवलं, डोळ्यांसमोर. अभिमन्यूनं कानावरची पेन्सिल काढली, फळीच्या कडेला रेघ ओढली आणि म्हणाला, काळ्यावर काळं दिसंना. मग खिळ्याच्या टोकानं ओरखडा काढला, बोटानं चाचपला आणि करवत लावली.

त्रिंबकनं फळीला नाक लावून रेघ शोधली, त्याला ती दिसेना. जी रेघ मालकाला दिसत नाही, तिच्या आडून काय काय जाईल? उद्या यानं एखादी फळी घरी नेली आणि तिच्या जागी काळा रंग फासलेली बाभळ आणून ठेवली तर? (गावात असं कधी झालं नव्हतं. पण न झालेल्या गोष्टींचाच त्रिंबकला जास्त संशय.)

त्यानं फळ्यांवर आपली खूण करायचं ठरवलं. शाळेतला खडू आणला, तो हात लागताच पुसला. शिंप्याचा कापडावर आखायचा खडू गुळगुळीत शिसवावरून घसरला. वनमालाची हळद लावली, तर फळी नवरीसारखी दिसायला लागली. शेवटी तंबाखू मळताना अंगठ्याचा चुना फळीला लागला आणि वाळून असा उमटला की नखानं खरवडला तरी निघेना.

मग काय! चारी फळ्या शेजारी शेजारी मांडल्या, सुतळी चुन्यात भिजवली, ताणून धरली आणि बरोबर मधोमध फटकन सोडली. एका फटक्यात चारींवर पांढरीफेक सरळ रेघ. आता एक फळी जरी बदलली तर रेघ तुटणार. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन गडी गेवराईच्या बाजाराला गेला.

परत आला तर अभिमन्यू समाधानानं बिडी ओढत बसलेला.

"मालक, सूत लई झ्याक मारलं तुमी. मला बी जमलं नसतं."

"फळ्या कुठायत बे?"

"ह्या काय. मोजून घ्या, आठ हायेत."

त्रिंबकनं दोनदा मोजल्या. आठच होत्या, आणि एकेक तीन फुटी. अभिमन्यूनं विचारलं नव्हतं, असंही नाही. त्यानं वनमालाला विचारलं होतं आणि तिनं चुलीपासूनच सांगितलं होतं, की रेघ मालकानंच मारलीय, मनात काय आलं असेल ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांच्या कामात मोडता घातला तर घर डोक्यावर घेतील.

"रेघ दिसली की सुतारानं कापायचं, मालक," अभिमन्यू म्हणाला. "कावून मारली म्हून इचारीत बसलो तर पोट कसं भरंल?"

भाऊबीजेला बद्रीनाथ आला. वनमालानं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं चारी कोपरे न्याहाळले.

"अक्का, पलंग कुठाय?"

"त्याच्यावरच बसलायस."

त्रिंबकनं सगळी हकिकत शपथेवर सांगितली. आठही पाट समोर मांडून दाखवले. बद्रीनाथ हूं म्हणाला, जेवला, तंबाखू मळली आणि पाट आत ठेवू लागतो म्हणून मागच्या खोलीत जरा जास्तच रेंगाळला.

तो एसटीत बसल्यावर त्रिंबकनं सवयीप्रमाणे पाट उलटे करून तपासले. प्रत्येकाच्या पाठीवर चुन्याची ओली खूण होती, आणि खाली एक ते आठ आकडे.