वरातीचं व्याकरण

राजापेठेतून वरात जाऊ लागली की आमचे देवराव सर फळा सोडून सगळ्या पोरांना ओट्यावर उभं करायचे आणि वरातीकडे बोट दाखवून इंग्रजीचं व्याकरण शिकवायचे.

"थो घोड्यावरचा नवरदेव दिसते ना, थे नाऊन. त्याचा फेटा ॲडजेक्टिव्ह. फेटा नसला तरी लग्न लागते. पण नवरदेवच नसला त फेट्याले काय चाटता बे?"

"अन् व्हर्ब, सर?"

"बँडवाला. थो थांबला का वरात जागच्या जागी."

प्रोनाऊन म्हणजे नवरदेवाचा धाकटा भाऊ. "नवरदेव नसला का त्याच्या पाटावर बसून जेवून घेते." कंजंक्शन म्हणजे मध्यस्थ, दोन घरं जोडून देतो आणि जन्मभर दोन्हीकडच्या शिव्या खातो. इंटरजेक्शन ही आत्या. "काम काई नाई. निस्तं 'अगं माय!'"

सर स्वतः बिनलग्नाचे. एका खोलीत फळा, स्टोव्ह आणि ते. पण लग्नसराईत त्यांचा अभ्यासक्रम झपाट्यानं सरकायचा. पावसाळ्यात रखडायचा.

मी त्यांचा सर्वांत जुना विद्यार्थी. जुना म्हणजे मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला. तिसऱ्या खेपेला मात्र पास होणं भागच होतं. अकोल्याच्या नानाजींनी आपली मुलगी कमल मला देऊ केली होती, पण जावई मॅट्रिक पाहिजे ही अट. आणि कमल मला इतकी आवडली होती की मी चक्क अभ्यास केला.

पेपरात आलं : कंजंक्शन म्हणजे काय? मी आनंदानं इंग्रजीत लिहिलं, की हे एक गृहस्थ असतात आणि त्यांना दोन्ही घरून शिव्या मिळतात. उदाहरण म्हणून हे स्थळ जुळवणाऱ्या आमच्या मामांचं नाव दिलं. व्हर्बच्या उत्तरात तर बँडवाल्याचं क्लॅरोनेटसुद्धा सोडलं नाही.

वर्तमानपत्रात निकाल आला. माझा नंबर नव्हता.

"काय लिहिलं होतं तू?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. वाटलं, हसतील. ते उठले आणि त्यांनी कोट चढवला.

"चाल, अकोल्याले."

"काहून सर?"

"चाल म्हनलं ना!"

बडनेऱ्याला गाडी बदलली. दोन्ही तिकिटं सरांनीच काढली.

नानाजी बैठकीत सुपारी कातरत होते. "या मॅट्रिकसाहेब! पुन्हा आपटले म्हन्तात?"

मी तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले. "नानाजी, पोट्ट्यानं मी शिकवलं तेच लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाई. फेल मी झालो. त्याची सजा याले काहून? अजून एक साल द्या. वरात-गिरात सारं बंद करतो. पुस्तकातलं शिकवतो."

नानाजींचा अडकित्ता थांबला. त्यांनी सरांच्या विटलेल्या कोटाकडे पाहिलं.

"बरं. एक साल," ते म्हणाले. मग जरा नरमून, "दुसऱ्याच्या पोरासाठी एवढ्या दूर आले तुमी. तुमाले सोताचे लेकरं किती, मास्तर?"

सरांनी कोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"हे एकच," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.