तोंडात टाचण्या धरलेले तात्या

माझ्या लग्नाच्या सफारीचं माप घेताना तात्या टेलरनी कमरेला टेप लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "समजा गुरुजी, तुमचं पोट सुटलं तर?"

मी तेव्हा काडीपैलवान होतो. तरी तात्यांनी शिवणीत एवढं कापड आत सोडलं, की मांडवात मला बसायला गादी लागली नाही. शिवाय ‘समजा, खिसा फाटला तर?’ म्हणून खिशाच्या आत खिसा, आणि ‘समजा, तोपन फाटला तर?’ म्हणून त्याच्या आत तिसरा! महाडहून परत येताना एसटीचं तिकीट कुठल्या मजल्यावर उतरलं ते सापडेना. कंडक्टरपुढे मी भर गाडीत स्वतःच्याच मांड्या चाचपत उभा, आणि मागच्या बाकावर माझे दोन विद्यार्थी.

पोलादपूरला एसटीडी बूथच्या शेजारी तात्यांचं दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड. मुलगी सुमी तीन वर्षांची असताना बायको गेली. पोरीला तात्यांनी एकट्यानं वाढवलं. सुमी माझ्या हाताखाली शिकलेली. हुशार, पण बापापुढे कायमची वैतागलेली. ती घराबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच हाक यायची, "सुमे, समजा गो, काशीनाथाचा बैल अंगावर आला तर?"

"बाबा, काशीनाथकाकानं बैल विकला!"

"ज्यानं घेतला त्याच्याकडून सुटून येल की!"

आता अशा माणसाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले तर काय होणार? पहिलं स्थळ खेडकडचं. पाहुण्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तात्या म्हणाले, "समजा, पोरीला बाळंतपणाला आणताना कशेडीच्या घाटात दरड आली तर?" अजून मुलगी बाहेर आली नव्हती हो! दुसऱ्या वेळी नवऱ्या मुलालाच विचारलं, "समजा, तुमचे दोन्ही पाय मोडले तर कंपनी ठेवल का?" ते लोक पोहे टाकून गेले.

तिसरं स्थळ वरंधचं, मुलगा मुंबईत नोकरीला. सुमीनं त्याला मामेबहिणीच्या हळदीत पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. रडवेली होऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, हे स्थळ गेलं तर मी लग्नच करणार नाय. कायपन करा, पन बाबांना बोलू देऊ नका."

मी डोकं लढवलं. "तात्या, पाहुणे असेतो ओठांत टाचण्या धरायच्या. टेलर माणूस, कुणाला नवल वाटणार नाही."

"समजा, गिळल्या तर?"

"गिळल्या तरी गप्प बसायचं!"

पाहुणे आले. तात्या मशीनवर, मांडीवर कुणाचं तरी पोलकं, ओठांत सात टाचण्या. डोळे बटाट्याएवढे झालेले, कपाळावरून घाम ओघळतोय. मुलाच्या काकांनी विचारलं, "व्याही, तुमची काय अट?"

"म्म्म! म्म्मं!"

"काही अट नाही म्हणतात," मी ठोकून दिलं.

काका खूश. "असा कमी बोलणारा व्याही मिळायला नशीब लागतं." सुपारी फुटली. पाहुणे दुपारच्या गाडीनं गेलेसुद्धा.

आता तात्या माझी पाठ थोपटतील म्हणून मी छाती फुगवून बसलो. त्यांनी एकेक टाचणी काढली, टाचण्यांच्या इवल्या गादीत खोचली आणि हमसून हमसून रडायला लागले.

"गुरुजी, लय वाईट केलंत तुमी."

मी भडकलो. "अहो, पोरीचं लग्न जमवून दिलं, वर वाईट?"

"सुमीची आय गेली ना, त्या दिवशी माझ्या मनात कायच वाईट आलं नव्हतं. गाणं म्हणत मशीन मारत होतो. ती धुणं घेऊन नदीवर निघाली, मी मानपन वर केली नाय. तिथं पाय घसरला तिचा." त्यांनी पोलक्यालाच नाक पुसलं. "तवापास्नं मी आधीच बोलून टाकतो. बोललो ते कंदी होत नाय. आला का बैल पोरीच्या अंगावर? आज तिच्या आख्ख्या जन्माचं ठरलं, न तुमी मला एक शब्द बोलू दिला नाय. तिला कमी-जास्त झालं तर?"

इतकी वर्षं मी या माणसाला हसलो होतो. माझी मलाच लाज वाटली. स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "बोला तात्या. एकही सोडू नका."

तात्या सुरू झाले. मुंबईचा ग्यास, मुंबईची लिफ्ट, उघडी गटारं, सासूचा स्वभाव, सासूच्या बहिणीचा स्वभाव. तासाभरानं घसा बसला. "झालं वाटतं," म्हणाले, पण चेहरा काही मोकळा होईना.

आतल्या दारात सुमी उभी होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. डोळे पुसत ती बापाशेजारी येऊन बसली.

"बाबा, मुंबईचे डास ऱ्हायले."

"अरे देवा, खरंच की गो!" तात्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि डासांना सुरुवात केली.