बेचाळिसांतला एक आनंदी

"निरीक्षणशक्ती असामान्य. तर्कशक्ती त्याहून असामान्य. नम्रता इतकी, की या दोन्हींचा उल्लेख मी स्वतःहून कधीच करत नाही."

कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर प्रत्येकाने स्वतःची ओळख तीन ओळींत लिहायची होती. बहुतेकांनी ती जागा रिकामी सोडली, काही जण हुद्दा लिहून मोकळे झाले. घारसाहेबांना मात्र स्वतःला तीन ओळींत बसवायला दोन आठवडे लागले, आणि ते दोन्ही आठवडे कामाच्या वेळेतले होते.

घार हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आपली नजर घारीची आहे, असं वाटून ते त्यांनी स्वतःच घेतलेलं. चष्म्याचा नंबर सात. कंपनीच्या दृष्टीने ते वरिष्ठ टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारे. एकवीस वर्षांत त्यांनी चिक्कार चुका शोधल्या. त्यातल्या निम्म्या चुकाच नव्हत्या आणि उरलेल्या ग्राहकांना आधीच सापडल्या होत्या. पण माणूस हाडाचा गुप्तहेर. पेन हरवलं तरी ते आधी संशयितांची यादी करत आणि मग खिसा चाचपत.

त्यांची मदतनीस म्हणजे धाकटी. अकरा वर्षांपूर्वी ती टेस्टिंगमध्ये आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. त्यानंतर विभागात नवीन माणूसच घेतला नाही, त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी, एका मुलीची आई होऊनही, ती अजून धाकटीच होती.

सोमवारी सकाळी विभागप्रमुखांनी दोघांना 'पारदर्शकता' नावाच्या खोलीत बोलावलं. या खोलीच्या काचांना पांढरा कागद चिकटवलेला होता.

"सर्वेक्षणाचा निकाल आलाय," प्रमुख म्हणाले. "विभागात माणसं बेचाळीस, उत्तरं बेचाळीस. एक्केचाळीस जणांनी लिहिलंय, 'मी इथे अत्यंत दुःखी आहे.'"

"आणि बेचाळिसावा?" घारसाहेबांनी डोळे बारीक केले.

"त्याने लिहिलंय, 'अत्यंत आनंदी. असं सुख आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.'"



"सिस्टिममध्ये बिघाड असेल," धाकटी म्हणाली.

"तपासलं. बिघाड नाही. शुक्रवारी चार वाजता वरचे मोठे साहेब येतायत. त्यांना त्या माणसाला भेटायचंय. 'आनंदी कर्मचारी' म्हणून स्टेजवर पुरस्कार द्यायचाय."

"आणि बाकीच्या एक्केचाळीस जणांचं काय?"

"त्यांचं काय? ते नेहमीचेच आहेत."

घारसाहेबांनी खाकरून विचारलं, "रागावू नका, पण तपासाचा नियम आहे. तो माणूस तुम्ही तर नाही?"

"मी एक्केचाळिसांत आहे," प्रमुख म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"पण साहेब, सर्वेक्षण तर निनावी होतं ना?" धाकटीने विचारलं.

"निनावी आहे म्हणून तर तपास करायचा. नाव असतं तर आम्ही आधीच नसतं का पाहिलं?"

आता मुद्द्याचं बोलायची वेळ आली, असं धाकटीला वाटलं. "साहेब, माझा बदलीचा अर्ज चार महिने तुमच्या टेबलावर पडलाय. शुक्रवारी सहा वाजता त्याची मुदत संपते. तुमची सही झाली नाही तर ती जागा जाईल."

"माणूस आणा, सही न्या," प्रमुख म्हणाले. कंपनीच्या भाषेत याला प्रेरणा देणं म्हणतात.

जागा होती प्रशिक्षण विभागात. नव्या मुलांना शिकवायचं काम, आणि कचेरी घरापासून दहा मिनिटांवर. धाकटीला शिकवायला मनापासून आवडायचं. मुलीला गणित समजावताना ती जितकी खूश असे, तितकी या इमारतीत एकदाही झाली नव्हती. तिला इथून जायचं होतं, आणि ते अडलं होतं एका सहीवर आणि घारसाहेबांच्या बुद्धीवर. त्यातली सहीच मिळायची शक्यता तिला जास्त वाटत होती.

तपास सुरू झाला. घारसाहेबांनी आधी स्वतःच्याच नावाने एक तक्रार नोंदवली, कारण या कंपनीत तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय कोणालाही शिंकतासुद्धा येत नाही. मग त्यांनी धाकटीच्या हातात वही दिली.

"आनंदी माणूस कसा ओळखायचा?" त्यांनी विचारलं.

"हसतो म्हणून?"

"प्राथमिक विचार. पण लिही."

मंगळवारी दुपारी हसणारा माणूस सापडला. कोपऱ्यातल्या टेबलावरचा डेटाबेसवाला स्क्रीनकडे बघत दात दाखवून बसला होता. घारसाहेबांनी त्याच्यावर कुंडीतल्या झाडाआडून सव्वा तास पाळत ठेवली. झाड गुडघ्याएवढं होतं. शेवटी डेटाबेसवालाच म्हणाला, "साहेब, काही हवंय का?"

"इतकं हसण्यासारखं काय आहे, ते हवंय."

"दाढ दुखतेय हो. तोंड मिटलं की कळ येते. डॉक्टरकडे जायला रजा मागितलीय, ती मंजूर व्हायची आहे."

"केव्हापासून?"

"दाढ की रजा?"

धाकटीने वहीत काट मारली.

बुधवारी घारसाहेबांच्या कानावर गाणं पडलं. स्वच्छतागृहाच्या शेवटच्या दारामागे कोणीतरी रोज अकरा वाजता तल्लीन होऊन गात असे. "जो माणूस अशा जागी गातो," घारसाहेब म्हणाले, "त्याच्या अंतःकरणात आनंदाशिवाय दुसरं काय असणार?" याला बादरायण संबंध म्हणतात, हे धाकटी मनातल्या मनात म्हणाली. घारसाहेब दोन तास दाराबाहेर उभे राहिले. गाणारा बाहेर आला तो हिशेबाच्या प्रोग्रामवाला, चेहरा सुतकी.

"कडी तुटलीय आतली," तो म्हणाला. "सात महिने झाले तक्रार करून. गाणं थांबवलं की कोणीतरी दार उघडतं."

गुरुवारी संशय गेला नेटवर्कवाल्यावर. तो रोज दुपारी तीनला बॅग उचलून गुपचूप निघून जाई आणि दीड तासाने परत येई. "दुहेरी आयुष्य," घारसाहेब कुजबुजले. "माणसाला सुखी ठेवणारी याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही." दोघं मागावर गेली. तळघरात पार्किंगमध्ये नेटवर्कवाला आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसून लॅपटॉपकडे बघत ओरडत होता, "माझा आवाज येतोय का?" मीटिंगची एकही खोली मोकळी मिळत नसल्यामुळे तो वर्षभर तिथूनच मीटिंगा करत होता. 'आनंद' नावाची खोली तेवढी रिकामी असे, पण तिच्यात तुटक्या खुर्च्या भरल्या होत्या.

संध्याकाळी घारसाहेबांनी एकोणीस पानी अहवाल लिहून काढला. पलीकडच्या विभागाने आपल्यात एक आनंदी हेर पेरला आहे आणि त्याचा हेतू आपलं मनोधैर्य खच्ची करणं हा आहे, असा निष्कर्ष त्यात होता. तो वाचून धाकटीचं उरलेलं मनोधैर्य खच्ची झालं. हातात एक दिवस उरला होता आणि पदरात पडलं होतं काय, तर एक दाढ, एक कडी आणि एक गाडी.

शुक्रवारी सकाळी ती मुलीचा डबा भरत होती. सासरे बागेतून फिरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "सूनबाई, तुमच्या ऑफिसला कामधंदे नाहीत का गं?"

"का हो बाबा?"

"अगं, ते तुमचे सर्व्हरवाले काका नाहीत का, आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले ते? माझ्याबरोबर फिरायला असतात. त्यांच्या फोनवर अजून तुमच्याकडून पत्रं येतात. मागच्या आठवड्यात बाकावर बसून कसलासा फॉर्म भरत होते. 'तुम्ही आनंदी आहात का' म्हणे. मी म्हटलं, सोडा हो. तर म्हणतात, नाही, कोणी इतक्या आपुलकीने विचारलंय तर खरं ते सांगावं."

धाकटीच्या हातातला डबा तसाच राहिला. "काय लिहिलं त्यांनी?"

"आणखी काय लिहिणार? सकाळी फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी नातू. असं सुख आयुष्यात कधी मिळालं नव्हतं म्हणाले."

ऑफिसात पोचल्यावर तिने पहिल्यांदा जुन्या तक्रारी उघडल्या. शोधायला दोन मिनिटं लागली. 'सर्व्हरकाका निवृत्त. नाव विभागाच्या यादीतून काढणे.' शेरा: 'काम पूर्ण.' बंद करणाऱ्याचं नाव: घारसाहेब.

"हे तुम्ही बंद केलंत?"

घारसाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "महिनाअखेर होती. बंद केलेल्या तक्रारींचा आकडा कमी पडत होता. केली बंद."

"पण नाव काढलंत का?"

"बंद केली म्हणतोय ना."

पाच दिवस गावभर शोधलं आणि कळसा साहेबांच्याच काखेत निघाला. पण धाकटीचा हिशेब अजून जुळत नव्हता. "काकांचं एक उत्तर, म्हणजे आपली एक्केचाळीस. मग आपल्या बेचाळिसांतल्या एकाने फॉर्म भरलाच नाही. कोणी?"

घारसाहेब छताकडे बघायला लागले. "खरा गुप्तहेर आपला मागमूस कुठे ठेवत नसतो."

तीन वाजता ती घारसाहेबांना घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. ते हळूहळू खुर्चीत खाली सरकत गेले.

"म्हणजे आपल्याकडे सुखी असलेला एकच माणूस, आणि तोही नोकरी संपल्यामुळे?"

"हो साहेब."

"हे वर सांगता यायचं नाही." त्यांनी टेबलावरचे कागद इकडेतिकडे केले आणि मग त्यांची नजर धाकटीवर येऊन थांबली. "तू हो."

"काय होऊ?"

"आनंदी. दहा मिनिटं स्टेजवर उभं राहायचंय. अर्थात मग हा अर्ज राहू दे. आनंदी माणूस बदली कशी मागेल?" असं म्हणून त्यांनी तिचा अर्ज उचलला आणि फाडण्यासाठी दोन्ही हातांत धरला.

अकरा वर्षांत धाकटी या खोलीत कधी आवाज चढवून बोलली नव्हती, आताही बोलली नाही. पण ती खुर्ची ओढून बसली, आणि हे तिने पहिल्यांदाच केलं.

"साहेब, खोटं बोलायची गरज नाही. खरा आनंदी माणूस आहे आपल्याकडे. फॉर्म भरला नव्हता इतकंच."

"कोण?"

"हे काय, इथेच उभे आहेत."

घारसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सोमवारपासून यांनी कामाला हात लावलेला नाही," धाकटी म्हणाली. "झाडामागे बसले, स्वच्छतागृहाबाहेर उभे राहिले, तळघरात गाड्यांच्या आड लपले. एकोणीस पानं स्वखुशीने लिहिली. काल यांना जेवायची आठवण मला करून द्यावी लागली. साहेब, या इमारतीत कामाच्या नादात जेवण विसरलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?"

प्रमुखांनी अर्ज खाली ठेवला. "काय हो, तुम्ही आनंदी आहात?"

घारसाहेब विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता, आणि इतरांना विचारण्याच्या नादात त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. त्यांचे कान लाल झाले.

"हा आठवडा बरा गेला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, हळूच, "फारच बरा गेला."

ते ऐकून धाकटीला त्यांची मनापासून माया वाटली. तरी तिने पेन पुढे केलं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी सही झाली. तिने अर्जाचा फोटो काढला, स्कॅन केला, प्रशिक्षण विभागाला पाठवला आणि तिकडून पोच आल्यावरच खुर्चीतून उठली. आपल्या विभागात काम पूर्ण झालं म्हणजे काय असतं, ते तिला ठाऊक होतं.

चार वाजता सभागृह भरलं. मोठ्या साहेबांनी घारसाहेबांच्या गळ्यात पदक घातलं आणि त्यांच्या हाती माईक दिला. "बेचाळिसांतून आम्ही तुम्हाला शोधून काढलं. कसं वाटतंय?"

घारसाहेबांनी चष्मा सारखा केला. उरलेल्या एक्केचाळीस जणांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. धाकटी दाराशी पर्स खांद्याला लावून उभी होती.

"मी फार बोलणार नाही," घारसाहेब गंभीरपणे म्हणाले. "एवढंच सांगतो, की या प्रकरणात पहिल्या दिवसापासून माझा संशय माझ्यावरच होता."