वामनराव गौर आणायला येतात

वामनराव दगड चाटायचे. वाटेत दगड दिसला की हातोडीने टवका काढायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. नवखा माणूस रस्ता सोडून बाजूने जाई.

मी तिसरीत शाळा सोडली, पण दगड चाटायचा सरकार पगार देतं असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वामनरावांना देत होतं. साठ-सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. लडाखच्या डोंगरांत तंबू ठोकून हिंडायचं, कुठे कोणता खडक आहे ते बघून नकाशात रंग भरायचे. त्या नकाशावरून पुढे तांबं, गंधक शोधणारे येणार. बर्फ वितळलं की ते तिकडे, थंडीत कर्जतला, आमच्या शेजारी. लग्न राहून गेलं. घरात आई एकटी.

काहीही विचारा, उत्तर एकच. "वरवर बघून सांगता येत नाही, फोडून बघावं लागेल." आमच्या नव्या पाट्याचाही कोपरा त्यांनी असाच फोडला. माझी बायको म्हणाली, "भावजी, आता वाटण तुमच्या डोक्यावर वाटू?"

"दगड उत्तम आहे, वहिनी."

त्यांच्याकडे खड्यांची गौर. सवाष्णीने नदीतून पाच खडे आणायचे, ते देवापुढे मांडायचे. घरात येईपर्यंत तिने बोलायचं नाही, बरोबरच्यांनीही नाही. कोणी बोललं की खडे पाण्यात सोडून पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी विधवा, म्हणून माझी बायकोच आणून द्यायची. वामनराव त्या दिवसांत कायम लडाखात.

म्हातारी गेली. वर्षश्राद्ध झालं आणि त्या भाद्रपदात वामनराव पहिल्यांदाच रजा काढून आले. "वहिनी, आईची गौर बंद पडायला नको. दिवस असताना घरात आली पाहिजे."

उल्हास नदीवर तिघे गेलो. बायकोने पाच खडे वेचून ताम्हणात ठेवले.

"मधला जरा ठिसूळ वाटतो," वामनराव म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि खडे पाण्यात सोडले. दुसऱ्यांदा वाटेतल्या वडापर्यंत आलो. "ते समोरच्या डोंगराचे थर बघा." परत नदी. तिसऱ्यांदा त्याच वडापाशी, "वहिनी, जपून, निसरडं आहे."

"अवो, तुमची दातखीळ का बसत नाय?" बायको म्हणाली. ऊन माथेरानच्या मागे चाललं होतं.

वामनराव पारावर बसले. "तंबूतही मी दरवर्षी पाच खडे मांडायचो, वहिनी. न बोलायचा नेम एकदाही मोडला नाही."

"मंग हितंच काय झालं?"

"तिकडे बोलायचं कोणाशी?"

बायकोने ताम्हण खाली ठेवलं, पदर सावरला आणि पारावर टेकली. "बोला. सगळं बोलून घ्या आदी."

मी म्हणालो, "अगं, दिस मावळतोय."

"मावळू दे. थांबंल ती."

वामनरावांनी आईचं विचारलं. शेवटी काय खात होती, गाऱ्हाणं काय करायची, कोणाला हाक मारायची. बायको सांगत गेली. मधूनच ते लडाखचं काहीबाही बोलत, परत आईवर येत.

दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा बायकोने नदीवर जाऊन चाचपून पाच खडे वेचले. घरापर्यंत वामनरावांनी शब्द काढला नाही. वाटभर माझा हात मात्र घट्ट धरून होते.