सात तंतूंच्या हाताचा मुजरा

आकाशीच्या सर्व तेजांस दंडवत, आणि जी तेजे अद्याप वाटेत आहेत त्यांस आगाऊ दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसे की, शके १९४२, शार्वरी नाम संवत्सरी, राज्यात डोंगरावर थोर दुर्बीण होती, आणि तिचे पोटी यंत्रहातांची फौज होती, आणि एकेका हातास तबकडीवर एकेक वर्तुळ वतन दिल्हे होते, आणि एकेका मुठीत केसाएवढा काचेचा एकच तंतू होता. हाताने आपले वतनात फिरोन नेमल्या ताऱ्याखाली उभे राहावे, मग उजेड तंतूतून खाली कचेरीत यावा. परंतु रोज कामास लागण्यापूर्वी हाताने उजवीकडून पुरा वळसा घेऊन तख्तास मुजरा करावा, उलटे फिरो नये, कां की तख्ताकडे पाठ होते, ऐसा शिरस्ता होता. पुऱ्या वळशातही पाठ होतेच, परंतु तो विषय कोणी काढिला नव्हता.

ते समयी राजज्योतिषी भानूबाईसाहेब यांचा जीव कन्या राशीतील एका फिकट दीर्घिकेत गुंतला होता. दीर्घिका म्हणजे अगणित ताऱ्यांचा दूरदेशीचा मेळा. एका तंतूतून साऱ्या मेळ्याचा उजेड एकत्र कालवोन येई, आणि मेळा फिरतो की स्वस्थ बसला आहे, हे उभ्या चाकरीत उमजले नाही. मग बाई यंत्रखान्याचे दरोगे हैबतराव यांस बोलिल्या, "हैबतराव, आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही, ऐसे किती दिवस काढू? एका मुठीत सात तंतू द्या. एक मध्यावर, बाकी कडेने. येत्या कडेचा उजेड निळसर होतो, जात्या कडेचा तांबूस; कोणती कड येते, कोणती जाते, एवढेच पाहीन. मृग लागला की घुमट मिटतो, आणि यंदा माझी चाकरीही सरते. पुढचा ज्योतिषी तिकडे बघेल की नाही, कोण जाणे." हैबतराव म्हणाले, "बाईसाहेब, मूठ एक आणि भाऊबंद सात. भांडतील हो." "भांडू देत. पण माझ्यादेखत."

मग हात सिद्ध जाहला, आणि मूठ जाड जाहली म्हणोन शेजारचे दोन हात जरा सरकविले, त्यांनी तक्रार केली नाही, कां की त्यांस तोंड नव्हते. परंतु उजेड रोज मंदच होत गेला. हैबतरावांनी हात उघडिला तो आत तंतूंची वेणी जाहली होती! एकटा तंतू नळीत सुखे फिरत असे, हे सात एकत्र बांधलेले, म्हणोन रोजच्या मुजऱ्यास एक पीळ चढला आणि पिळात उजेड गळाला. मग उभयता दिवाण रायाजीपंत यांजकडे गेले, की या हातास मुजरा माफ करावा. पंत बोलिले, "आज हातास माफ करू, उद्या शिपाई म्हणेल माझीही पाठ धरली आहे." बाई म्हणाल्या, "पंत, तुमचे सात मानकरी एका दोरीत बांधा आणि रोज फिरवा, मग त्यांजकडून राज्यकारभार घेऊन दाखवा." दरबार हसला, पंत हसले नाहीत, आणि प्रकरण मसलतीस गेले. मसलत चालली, आणि कन्या राशी रोज संध्याकाळी पश्चिमेकडे थोडी अधिक कलली, आणि बाई गच्चीवर उभ्या राहोन पाहत. अखेर आज्ञा जाहली की, हाताने अर्धाच वळसा घ्यावा आणि तैसेच परत यावे, आणि त्या परत येण्यास विनयाने मागे सरणे समजावे, कां की दरबारातून सारेच तैसे निघतात.

हैबतरावांनी जुना पीळ उलगडिला, तो मोसमाची शेवटची रात्र उरली. दीर्घिका डोंगरास टेकू आली असता सातही तंतूंतून उजेड उतरला, नितळ, वेगवेगळा. हैबतराव ओरडिले, "एक कड येते, एक जाते! फिरते बाईसाहेब, फिरते!" बाई म्हणाल्या, "फिरते." "आणि ही कड आपल्याकडे येते ना?" बाईंनी सातही तंतूंचा उजेड पुन्हा पाहिला, तो साराच तांबूस होता. मग म्हणाल्या, "नाही हो. सारा मेळाच दूर चालला आहे. ही कड जरा हळू जाते, इतकेच." आणि उजेड पुरा मावळेतो त्या त्याच कडेच्या तंतूपाशी बसोन राहिल्या.

एवंच, दीर्घिका फिरते ऐसे दप्तरी सिद्ध जाहले, घुमट मिटला, आणि बाईसाहेब डोंगर उतरल्या, त्या सावकाश उतरल्या.