पवनचक्कीचा अहवाल

सकाळी सातच्या सुमारास दाराची बेल वाजली. उघडून पाहतो तर समोर मेश्रामकाका, हातात चहाचा कप आणि चेहरा गंभीर. "अहो सेक्रेटरी," ते म्हणाले, "मेंढी एकदा ओरडली, की परत ओरडायला साधारण किती वेळ घेते?"

सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे सकाळी दारात उभा राहणारा माणूस पाण्याची, पार्किंगची किंवा वरच्या मजल्यावरच्या पोरांची तक्रार घेऊन आलेला असतो, एवढं मला अनुभवाने ठाऊक आहे. बिबवेवाडीतल्या चार मजली इमारतीत मेंढी कुठून आली, ते मात्र कळेना. मी म्हटलं, आमच्याकडे मेंढी नाही. "तुमची नाही हो, गेममधली," काका म्हणाले. "कालपर्यंत पटापट ओरडायची. आज थांबून थांबून ओरडून राहिली. हे सहज नाही."

'हे सहज नाही' हे त्यांचं पालुपद. मेश्रामकाका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी कार्यालयात लोकांचे हिशेब तपासण्यात उभी हयात गेली, बदलीने पुण्यात आले आणि माझे शेजारी म्हणून इथेच निवृत्त झाले. मुलीने कॉलेजात असताना घरच्या संगणकावर एक गेम घातला होता. गावं वसवायची, शेतं पिकवायची, तट बांधायचे आणि सगळं छान चाललं की शेजाऱ्यावर चालून जायचं. पुढे मुलगी अधिकारी झाली, बदलीच्या गावी गेली आणि गेम काकांकडे राहिला. काकू गेल्यानंतर तर काका त्या गेममध्येच राहायला गेले, असं म्हटलं तरी चालेल. मी खेळत नाही. मला भांडायला खरे शेजारी आहेत.

आता हा गेम इतका जुना, की ज्यांनी तो बनवला तेही विसरले असतील असं कोणालाही वाटावं. पण नाही. अधूनमधून त्याचं एखादं इवलंसं अपडेट येतं. सोबत खुलासा काय, तर 'किरकोळ सुधारणा'. बाकी अवाक्षर नाही. दुसरा कोणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. काकांनी मात्र मला बसवून समजावलं, "सरकारात 'किरकोळ' हा शब्द केव्हा वापरतात, ठाऊक आहे का? मोठी गोष्ट पांघरुणाखाली घालायची असते तेव्हा."

याच पंथाच्या लोकांचा 'तटबंदी' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वयाने मोठे म्हणून काका त्याचे अध्यक्ष. अपडेट आलं रे आलं, की तिथे तर्कांना ऊत येतो. सांगलीच्या दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या मते नवी आवृत्ती येणार. कोणी म्हणतं, कंपनी विकली जाणार. हिंजवडीचा रोहन नावाचा आयटीतला मुलगा लिहितो, "काका, दे आर वॉचिंग अस." काका सगळ्यांचं ऐकून घेतात आणि चौकशी लावतात. मेंढ्या डॉक्टरीणबाईंकडे, शेतं आणखी कोणाकडे. बाई पेशंटचं तोंड उघडं ठेवून मेंढीचा आवाज ऐकतात, असा मला दाट संशय आहे.

एकदा आमची लिफ्ट आठवडाभर बंद होती. अख्ख्या सोसायटीने माझ्यावर वाटेल ते तर्क लढवले, पण काकांनी अवाक्षर काढलं नाही. मी आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "सोसायटीच्या गोष्टींना कारण नसतंच हो."

अपडेट येऊन बरेच दिवस झाले, की मात्र ग्रुप थंड पडायचा, आणि त्याबरोबर काकाही. खाली गेटजवळच्या बाकावर फोन तळहातावर ठेवून बसायचे. मी दिसलो की म्हणायचे, "जरा एक मेसेज टाकता का? आमचा ग्रुप बंद तर नाही ना पडला, बघतो." या एकाच कामासाठी त्यांनी मला ग्रुपात घेतलं होतं. मी 'चाचणी' असं लिहायचो. फोन वाजला, की त्यांच्या जिवात जीव यायचा. ग्रुप टिकला पाहिजे, एवढी एकच चिंता त्या माणसाला होती.

गेल्या अपडेटनंतर काकांनी जाहीर केलं, की गेममधली पवनचक्की हळू झाली आहे. चौकशी रोहनकडे सोपवली. त्याने रोज सकाळी नऊला चक्कीचा अहवाल ग्रुपवर द्यायचा, तोही आंघोळ आणि नाश्ता उरकून. पारोशा माणसाची नजर चुकते, असं काकांचं म्हणणं. रोहनही इमानाने लिहायचा. आज चक्की बरी, आज जरा स्लो, आज तिची शॅडो जरा चुकल्यासारखी वाटतेय. त्यावर डॉक्टरीणबाईंची टिप्पणी, त्यावर काकांचा शेरा. माझा फोन सकाळभर टुणटुणत राहायचा.

शेवटी मी वैतागलो. माझा भाचा कॉम्प्युटर गेमच्याच धंद्यात आहे. त्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. नवीन संगणकांवर जुना गेम चालेनासा होऊ नये म्हणून कंपनी बाहेरून थोडी डागडुजी करते, म्हणाला. आतलं काही बदलत नाही. आणि हे कंपनीच्याच वेबसाइटच्या पानावर चार ओळींत लिहिलंय.

समोरचा माणूस चुकलाय आणि त्याचा पुरावा आपल्याकडे आहे, याहून मोठं सुख पुण्यात नाही. मी मुद्देसूद मेसेज लिहिला. पण पाठवण्याआधी काकांचा चेहरा बघावा, म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी संगणक सुरू होता आणि पडद्यावर चक्की फिरत होती. मी उभ्या उभ्याच मेसेज वाचून दाखवला.

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

"केव्हापासून?"

"पहिल्या अपडेटपासून. अहो, मी हिशेब तपासणारा माणूस. ते पान वाचल्याशिवाय राहीन का?" मग जरा घाईने त्यांनी विचारलं, "ग्रुपवर टाकलं?"

मी म्हटलं, टाकतोच आहे. त्यांनी चष्मा काढला. "नका टाकू," म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्यापाशीच ठेवायच्या अटीवर. रोहनची नोकरी गेली होती. घरी त्याने सांगितलेलं नव्हतं. कामाच्या वारी भरदुपारी हा मुलगा मेंढ्यांवर लिहायला लागला, तेव्हा काकांना शंका आली. फोन करून विचारलं, तर आधी उडवाउडवी आणि मग रडू. खोलीवर एकटाच, दुपारपर्यंत अंथरुणात, जेवणाचा पत्ता नाही.

"नुसतं ऊठ म्हटलं असतं तर नसता उठला," काका म्हणाले. "म्हणून चक्की काढली."

"म्हणजे चक्कीला काही झालेलं नाही?"

"ठणठणीत आहे." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच आहे. नऊला अहवाल येणार म्हणून मी आठला आंघोळ करतो. मुलगी फोन करते, पण कायम मीटिंगमध्ये असते. कारण सांगून टाकलं तर चौकशी संपली. मग आम्ही एकमेकांना विचारायचं काय?"

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, आणि हा माणूस सकाळी कशासाठी उठतो, ते मी कधी विचारलं नव्हतं. मेसेज त्यांच्यासमोरच पुसून टाकला.

तेवढ्यात नऊ वाजले आणि त्यांचा फोन वाजला. रोहनचा अहवाल होता. काकांनी तो मोठ्याने वाचला. "काका, चक्की आज ओके आहे. उद्या मॉर्निंगला इंटरव्ह्यू आहे, सो उद्याचा रिपोर्ट जमणार नाही. सॉरी." पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला आणि उत्तर लिहिलं, 'रजा मंजूर.'

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "उद्याचा अहवाल तुम्ही द्या."

मी म्हटलं, मला गेममधलं काही कळत नाही.

"बघायला कळतं ना?"

दुसऱ्या दिवशी आंघोळ, नाश्ता उरकून मी काकांच्या घरी गेलो आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. चक्की व्यवस्थित फिरत होती. मी पुष्कळ वेळ पाहिली. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. नऊ वाजले, तसं मी ग्रुपवर लिहिलं, 'आज किंचित हळू वाटते. सर्वांनी लक्ष ठेवावे.'