वगीह पाशाच्या पाच गाड्या

वगीहने बुधवारी संध्याकाळी पाच गाड्या घेतल्या आणि गुरुवारी दुपारी त्याचं लग्न मोडायची वेळ आली. मधल्या काळात त्याने खिशातून एक पौंडही काढला नव्हता. चहाचे पैसेसुद्धा रिफअतने दिले होते.

गाडी लावायला बोटभर जागा न मिळणाऱ्या शुब्रा वस्तीत, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचा अड्डा आहे. तिथे दर बुधवारी हे दोघं एक खेळ खेळायचे. दहा लाख पौंड, पाच गाड्या. एक पौंडही वर नाही. वगीह चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, रिफअत औषधाच्या दुकानात पुड्या बांधायचा. दोघांत मिळून एक सायकल, तीही रिफअतच्या भावाची. पण खेळाचा नियम कडक होता. भाव मनाचा चालणार नाही. जाहिरात बघायची, मालकाला फोन लावायचा आणि शेवटचा भाव त्याच्या तोंडून काढायचा.

त्या बुधवारी वगीह भयंकर रंगात आला होता.

"हाजीसाहेब, काळी मर्सिडीज ना? दोन लाख ऐंशी. त्याच्या वर मी एक पाऊल टाकणार नाही. देवाशपथ, अजून चार गाड्या घ्यायच्यात मला!"

"चार घ्यायच्यात म्हणे," रिफअत हुक्का ओढता ओढता खोकला. "कालपासून सँडलचा पट्टा तुटलाय तुझा."

"गप रे. हां, हाजीसाहेब? झालं? देव तुमचं भलं करो!"

फोन ठेवून वगीहने कागदावर पाचवी ओळ लिहिली. बीटल, 504, लाडा, निवा, मर्सिडीज. खाली रेघ मारली, बेरीज केली. बरोब्बर दहा लाख! त्याने टेबलावर अशी थाप मारली की चहा बशीत आला.

मागच्या खुर्चीत झनातीचाचा साखर ढवळत बसला होता. गळ्यात शिट्टी, खांद्यावर फडकं. गल्लीत कोणाची गाडी कुठे लागणार हे सरकार ठरवत नाही, झनातीचाचा ठरवतो. त्याने सगळं ऐकलं. चहा अर्धाच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी वगीहची अर्धी सुट्टी होती. कारण त्या दिवशी बहगतकाका येणार होते, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोचे, तहानीचे वडील. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि शाळा सोडून बाकी सगळीकडे अजून शिकवणारे. तीन महिने लग्न अडलं होतं ते नीशपायी. नीश म्हणजे ते काचेचं कपाट, ज्यात नव्या घरी बारा कपबश्या मांडतात आणि मरेपर्यंत कोणाला त्यातून चहा देत नाहीत. बहगतकाकांचं म्हणणं, नीशशिवाय मुलगी देणार नाही. वगीहचं म्हणणं, काका, पैसेच नाहीत. शेवटी तहानीने बापाला मऊ केलं होतं. आज काका येणार, वगीहची खरी परिस्थिती डोळ्यांनी बघणार आणि तारीख ठरवणार.

वगीह लिंबं आणायला खाली उतरला आणि दारातच थिजला.

बिल्डिंगसमोर पाच जागा रिकाम्या होत्या. सलग! शुब्रात! येणारे-जाणारे थांबून बघत होते, जसं कोणी समुद्र बघतो. पहिल्या जागेत तीन पायांची खुर्ची. दुसऱ्यात विटांवर उभी केलेली काठी. मग एक टायर, एक तेलाचा डबा, आणि शेवटी पुन्हा खुर्ची, तिच्यावर मांजर.

"मबरूक, अभिनंदन, वगीह पाशा!" झनातीचाचा छातीवर हात ठेवून झुकला. कालपर्यंत तो त्याला 'ए वगीह' म्हणायचा.

"चाचा, हे काय?"

"पाच गाड्या, पाच जागा. सकाळी दातांच्या डॉक्टरला तीन गल्ल्या पलीकडे हाकललं. खाटीक ऐकत नव्हता, त्यालाही काढला. तू काळजीच करू नकोस."

"अहो चाचा, गाड्या-बिड्या काही नाहीत! खेळ होता तो!"

झनातीचाचाने इकडेतिकडे बघितलं आणि एक डोळा मिटला. "बरोबर. अगदी असंच सांगायचं सगळ्यांना. लोकांची नजर वाईट."

"नजर नाही हो, खरंच नाहीत!"

"वा! किती मनापासून म्हणतोयस. माझाच विश्वास बसायला लागला होता."

आता याच्यापुढे माणसाने काय करावं? आमच्याकडे ज्याला काही मिळालं, तो पहिल्यांदा नाहीच म्हणतो. त्यामुळे वगीह जितका नाही म्हणाला, तितकी त्याची श्रीमंती वाढत गेली. डॉक्टरला नाही म्हणाला, तर डॉक्टर म्हणाला, "मग सहावी पण घेतलीस वाटतं?" खाटकाला शपथ घालून सांगितलं, तर त्याने सुरा पुसत विचारलं, "नव्या गाडीसाठी कापायचा बोकड एकच, की प्रत्येक गाडीमागे एक?"

वर घरी आला तर आई, इन्साफबाई, खिडकीच्या गजाला नजरेचा निळा मणी बांधत होत्या.

"अम्मा, तू पण?"

"मला कशाला सांगशील तू," त्या रडवेल्या झाल्या. "खालून कळतं मला, माझ्या पोराकडे मर्सिडीज आहे. काळीच का घेतलीस रे? धूळ दिसते."

"अम्मा! माझ्याकडे सँडल नाही धड!"

"हे छान आहे. तीच घालून हिंड, नजर नाही लागणार."

एवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. तो हॉर्न वगीह झोपेतही ओळखायचा. बहगतकाकांची पांढरी 128 गाडी! तिच्यावर काका रोज सकाळी फडकं फिरवायचे, आणि तेच फडकं रोज संध्याकाळी धुवायचे. वगीह तीन-तीन पायऱ्या उड्या मारत उतरला. दुसऱ्या मजल्यावर सँडलने कायमचा निरोप घेतला.

काकांच्या गल्लीत दोन फेऱ्या झाल्या होत्या. मागे तहानी, मांडीवर बसबूसा या रव्याच्या मिठाईचं ताट घट्ट धरलेलं. तिसऱ्या फेरीला काकांनी रिकाम्या जागांकडे नाक वळवलं, तर झनातीचाचा हात पसरून आडवा.

"ही नाही, उस्ताद. ही वगीह पाशाची."

"मग ती?"

"तीही त्यांचीच. पाचही."

"कोण हा वगीह पाशा?"

"भिंगवाला! काल पाच गाड्या घेतल्यात. पण बोलायचं नाही हं, तो नाहीच म्हणतो."

अनवाणी वगीह धापा टाकत पोचला तेव्हा काकांनी गाडी भर रस्त्यात उभी केली होती आणि काच खाली केली होती. मागे एक टेम्पो, एक टॅक्सी आणि एक गाढवगाडी एका सुरात ओरडत होती. म्हणजे, गाढवगाडीचं गाढव.

"नीशला पैसे नाहीत," काका थंड आवाजात म्हणाले. "आणि पाच गाड्या."

"काका, खेळ आहे! हे बघा!" वगीहने खिशातून कागद काढून खिडकीत खुपसला. "दहा लाख खोटे! गाड्या खोट्या! फक्त भाव खरे!"

तहानी मागून पुटपुटली, "बाबा, मी सांगितलं होतं ना, हा वेडा आहे म्हणून."

"तू वेडा नाही म्हणाली होतीस. साधा म्हणाली होतीस."

काकांनी चष्मा चढवला. खिशातून लाल पेन निघालं. मागे गाढव थांबेना. काकांचं बोट एकेक आकड्यावरून खाली सरकलं. एक साठ, एक नव्वद, एक तीस, अडीच, दोन ऐंशी. वगीहला पाचवीच्या वर्गात उभं असल्यासारखं वाटलं.

"दहा लाख दहा हजार," काका म्हणाले आणि बेरजेला लाल गोल केला. "दहा हजार खाल्लेस. खोट्या पैशातसुद्धा तुला पुरत नाही?"

"चुकलं, काका."

"आणि 128 कुठे आहे?"

 गाड्या खोट्या आहेत हे काकांना पटलं होतं. आता गुन्हा त्याहून मोठा होता. तहानीने ताटावरून डोळे वटारले. बोल काहीतरी!

"काका... मी पाच जणांना फोन केले 128साठी," वगीह म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं. "पण तुमच्यासारखी ठेवलेली एकाकडेही नव्हती. मग कशी लिहू?"

 काकांची नजर कागदावरून उचलली गेली आणि समोर गेली. खुर्ची. काठी. टायर. डबा. मांजर. त्यांनी पहिला गियर टाकला. झनातीचाचाने वगीहकडे बघितलं, वगीहने मान हलवली, टायर बाजूला झाला, आणि 128 मधल्या जागेत सरळ आत गेली. मागे घेणं नाही, पुढे घेणं नाही, आरशात बघून घाम पुसणं नाही. एका फटक्यात.

इंजिन बंद झालं. काका मात्र उतरेनात. पुढे हात लांब करून बघितला, मागे वळून बघितलं. दोन्हीकडे माणसाला नाचता येईल एवढी जागा. त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले.

"एकवीस वर्षं," ते म्हणाले. "एकवीस वर्षांत मी शुब्रात अशी गाडी लावली नाही." मग ते उतरले आणि वगीहच्या खांद्यावर हात ठेवला. "गाड्या काय, कोणाकडेही असतात. जागा कोणाकडे आहे? पुढच्या महिन्याची वीस तारीख चालेल?"

"चालेल!" तहानी गाडीतूनच ओरडली.

"आणि... नीश?" वगीहने भीत भीत विचारलं.

"नीशमध्ये गाडी लावता येते का?" काका म्हणाले आणि जिना चढू लागले.

डॉक्टर आणि खाटीक रात्रीच्या आत आपापल्या जागी परतले. मधली जागा तेवढी दर गुरुवारी काकांसाठी राखून ठेवायची, असं ठरलं. बदल्यात वगीहने झनातीचाचाला नवा चष्मा करून दिला. तो लावून चाचा म्हणाला, "अरे, तू एवढा बारीक आहेस होय!"

पुढच्या बुधवारी रिफअतने अड्ड्यावर नवा कागद काढला. आता टेबलाला तीन खुर्च्या होत्या. तिसरीत बहगतकाका, लाल पेन उघडून तयार.

"दहा लाख, पाच गाड्या," रिफअत म्हणाला.

"भाव नीट केला तर सहा बसतात," काका म्हणाले आणि फोन कानाला लावला. "हॅलो? हाजीसाहेब?"

मागच्या टेबलावर झनातीचाचाने नवा चष्मा नाकावर सरकवला, चहा अर्धाच टाकला, आणि सहावी खुर्ची शोधायला उठला.